एकोणीसची चेन

साळवे मिस्त्रींच्या मनगटावर मी पहिल्यांदा घड्याळ पाहिलं तेव्हाच मला ते खटकलं होतं. घड्याळ छान होतं. नवं असूनही जुन्या धाटणीचं, साईच्या रंगाची तबकडी, बारीक निळसर काटे, वर थोडी फुगीर काच. खटकलं ते मनगट. सव्वीस वर्षं मी ते उघडं पाहिलं होतं, आणि वाळूजच्या आमच्या कारखान्यात बाकी सगळ्यांची मनगटं उघडी ठेवायला लावणारा माणूसही तोच होता.

किसनराव साळवे आमच्या टूलरूमचे मिस्त्री. कारखान्यातल्या बाकीच्या मशीनांना लागणारे साचे आणि हत्यारं जिथे घडतात ती खोली म्हणजे टूलरूम, आणि तिच्या दारात मिस्त्रींचा कायदा सुरू होई. आत येणाऱ्याच्या अंगावर घड्याळ, अंगठी, कडं, गंडा, दोरा, काहीही चालणार नाही. बाह्या कोपराच्या वर. दाराशेजारी भिंतीला एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा ठोकलेला होता, जे काढायचं ते त्यात टाकायचं. मिस्त्री बोलत नसत. ते तुमच्या हाताकडे बघत, मग डब्याकडे बघत, आणि तुम्ही समजून घ्यायचं.

मी तपासणी खात्यात. तयार झालेला तुकडा मापात आहे की नाही हे सांगायचं, नसेल तर परत पाठवायचा. दुसऱ्याच्या चुका काढणं हा माझा जन्मजात स्वभाव. त्याचा पगारही मिळतो हे कळल्यावर मी ती नोकरी घट्ट धरून ठेवली. माप तपासायच्या साधनाला आमच्याकडे गेज म्हणतात, त्यावरून मिस्त्रींनी पहिल्याच महिन्यात माझं नाव 'गेजबाई' ठेवलं. मला ते मुळीच आवडलं नव्हतं. पुढे दुसऱ्या कुणी 'मॅडम' म्हटलं की परकं वाटायला लागलं, इतकं ते अंगवळणी पडलं.

त्यांची माझी पहिली गाठ पडली तीच भांडणाने. माझ्या लग्नाला आठ दिवस झाले होते आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा होता. दारात मिस्त्री उभे. हाताकडे बघितलं, डब्याकडे बघितलं.

"नवं लग्न झालंय," मी म्हटलं.

"मशीनला तुमचं लगीन झालेलं माहीत नाय."

"काचेच्या आहेत. काढायला गेलं की फुटतील. सासूबाईंना काय सांगू?"

ते आत गेले. मला वाटलं, जिंकले. ते ग्रीसचा डबा घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "हात पुढं करा." स्वतः हात लावला नाही. कशा काढायच्या ते लांबून सांगत राहिले: अंगठा आत घ्या, मूठ सैल सोडा, बांगडी जरा फिरवून ओढा. एकेक करून सगळ्या निघाल्या आणि एकही फुटली नाही. त्यांनी त्या स्वच्छ फडक्यात बांधून माझ्या हाती दिल्या. "घरी जाताना घाला. सासूबाईनं इचारलं तर सांगा, मिस्त्री येडा हाय." सासूबाई पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मिस्त्रींशी मीही तितकेच दिवस बोलले नाही, आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही.

पुण्याहून एकदा मोठे साहेब आले होते. त्यांच्या हातात स्टीलच्या चेनचं भलंमोठं घड्याळ. दारात मिस्त्रींनी हाताकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. साहेब हसले, मिस्त्रींच्या खांद्यावर थाप मारून पुढे निघाले. मिस्त्री शांतपणे भिंतीकडे गेले आणि त्यांनी मुख्य स्विच खाली ओढला. दिवे गेले, पंखे गेले, अकरा मशीनं कण्हत कण्हत थांबली. आमचे मॅनेजर घामाघूम झाले. मिस्त्री अंधारातून म्हणाले, "साहेब, बंद मशीन बघायचं आसंल तर असंच बघा. चालू बघायचं आसंल तर डबा दारात हाय." साहेबांनी घड्याळ काढलं. त्या दिवसानंतर मिस्त्रींची बढती कायमची अडली असं लोक म्हणत, पण मिस्त्रींना बढती नकोच होती. त्यांना मशीनपासून लांब बसवणारी कुठलीच गोष्ट नको होती.

हा कायदा आला कुठून, ते मी एकदा चहाच्या सुट्टीत विचारलं होतं. "एक आवाज ऐकलाय मी," ते म्हणाले, "कानात बसलाय. इचारू नका." आणि उरलेला चहा त्यांनी जमिनीवर ओतून दिला. जुन्या कामगारांना खोदून बघितलं, तर त्यातले दोघे मी विषय काढताच उठून गेले. त्यानंतर मीही विचारलं नाही, पण टूलरूमच्या दारातून जाताना हात आपोआप अंगाशी यायला लागला.

माणूस कडू होता असं मात्र नाही. चौदा एप्रिलला पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून मिरवणुकीत सगळ्यात पुढे नाचायचे, आणि दुसऱ्या दिवशी पाय धरून लंगडत कामावर यायचे. डब्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा. तो ठेचा मला खायला लावून माझ्या डोळ्यांत पाणी आलं की म्हणायचे, "आता कळंल तुम्ही तुकडे परत पाठवता तवा आम्हाला कसं व्हतं." त्यांच्या बोटांना माप कळायचं. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातल्या दोन भागांचा फरक ते अंगठा फिरवून सांगत. मी खोलीत जाऊन यंत्रावर मोजायची आणि तोंड पाडून परत यायची. एकदा ऐकलेलं माप त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. वहीत लिहिणाऱ्या माणसांची ते कीव करत.

ते निवृत्त झाले तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना ते घड्याळ दिलं. कल्पना माझीच होती. उघड्या मनगटाच्या माणसाला घड्याळ द्यायचं, यात मला मोठी गंमत वाटली होती. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, कानाला लावून ऐकलं, आणि म्हणाले, "आता घालायला हरकत नाय. आता कुठं मशीनवर जायचंय." सगळे हसले. त्यांनी बाही खाली सोडून मनगटाचं बटण लावलं, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

पण मशीन त्यांच्याकडून सुटलं नाही. शकील नावाचा त्यांच्या हाताखाली शिकलेला गडी, आता चाळिशीचा, त्याचं चिकलठाण्याला छोटं वर्कशॉप आहे, लोखंडी दांडा गोल फिरवून कातायची दोन लेथ मशीनं असलेलं. निवृत्तीच्या आठव्या दिवशी मिस्त्री तिथे हजर झाले. शकील त्यांना 'उस्ताद' म्हणायचा. त्याने खुर्ची पुढे केली. मिस्त्रींनी ती बाजूला सारली आणि बाह्या दुमडल्या. पहिल्या महिन्यात घड्याळ काढून खिशात ठेवत असत, असं शकीलनेच मला नंतर सांगितलं.

घड्याळाला आलेला पट्टा चामड्याचा होता. मिस्त्रींना घाम फार. दोन महिन्यांत पट्टा मऊ पडला, वास यायला लागला. मग त्यांचा मला फोन आला. "गेजबाई, चामडं आपल्याला मानवत नाय. स्टीलची चेन बघायचीय. तुम्ही संगं चला. दुकानदार मापाचं खोटं बोलतात."

एका रविवारी सकाळी आम्ही गुलमंडीपासून सुरुवात केली. मिस्त्रींच्या खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत बारीक माप घ्यायचा सरकत्या पट्टीचा व्हर्नियर. घड्याळाला वरखाली दोन दोन कान असतात, त्यांच्यामध्ये पट्टा बसतो. आमच्या घड्याळाच्या कानांमधलं अंतर होतं एकोणीस मिलिमीटर. बाजारात अठराची चेन मिळते, वीसची मिळते, एकोणीस म्हटलं की दुकानदार आपल्या तोंडाकडे बघतो. पहिला म्हणाला, "अठरा बसवा की काका, कोण बघतंय?" मिस्त्री म्हणाले, "मी बघतोय." दुसरा वीसची चेन घासून द्यायला तयार झाला. मिस्त्रींनी व्हर्नियर बाहेर काढल्यावर त्याने कपाळाला हात लावला. "चच्चा, घडी है के हवाई जहाज?"

शहागंजला एका म्हाताऱ्या दुकानदाराने जुन्या सुट्या चेनांची अख्खी पेटीच आमच्यापुढे उपडी केली. मिस्त्री फुटपाथवर स्टूल घेऊन बसले आणि एकेक मापायला लागले. मी वैतागून उसाचा रस पिऊन आले, परत आले तरी ते मापतच होते. शेवटी एक निघाली, भरीव कड्यांची, बरोबर एकोणीस. पण तिची टोकं सरळ होती आणि घड्याळाची कड गोल, त्यामुळे मध्ये फट राहत होती. त्यांनी घड्याळ उन्हापुढे धरलं. "उजेड दिसतो," ते नाराजीने म्हणाले. टूलरूममध्ये दोन भाग नीट बसले की नाही हे बघायची तीच रीत आहे, मध्ये उजेड दिसता कामा नये. तरी चेन घेतली. फटीचा बंदोबस्त त्यांनी शकीलच्या वर्कशॉपात केला. गोल टोकांचे दोन तुकडे स्वतः घासून बसवले, आणि मला दाखवायला आले तेव्हा खरोखर कुठूनही उजेड दिसत नव्हता.

पुढच्या आठवड्यात क्रांती चौकात रिक्षातून उतरताना चेन घड्याळाच्या कानांत धरणारी पिन निसटली आणि घड्याळ रस्त्यावर पडलं. काही झालं नाही त्याला, पण मिस्त्रींचा अपमान झाला. बाजारातल्या पिना आत स्प्रिंग असलेल्या, पोकळ असतात. जोराचा हिसका बसला की निसटतात. मिस्त्रींनी भरीव पोलादाच्या पिना बनवल्या, तापवून पाणी देऊन त्या कडक केल्या, टोकांना आटे पाडून स्क्रूने घट्ट केल्या. कड्यांच्या मधल्या पिनाही सगळ्या बदलल्या. कुलूपही नवं केलं. ते उघडायला नखाने एक बारीक खटका दाबून धरावा लागे आणि मग ओढावं लागे. मला तीनदा करूनही जमलं नाही. कारखान्याच्या फाटकावर उभं राहून त्यांनी जादा बनवलेल्या पिना माझ्या हातात दिल्या. "बघा, कुठं चूक घावते का."

मी आत नेऊन मोजल्या. सगळ्या सारख्या. कडकपणा बघितला, तोही चोख. बाहेर येऊन म्हटलं, "पास."

"आता हत्ती बांधला तरी निघायची नाय," मिस्त्री म्हणाले. मीही हसले. इतकी पक्की चेन जगात दुसऱ्या कुणाच्या हातात नसेल, असं काहीतरी मी बोललेसुद्धा. ते वाक्य मला आजही परत घेता येत नाही.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी पुन्हा फोन. "गेजबाई, रविवारी जरा बाजारात चला. घड्याळाला चेन बघायचीय."

मला वाटलं, दुसरं घड्याळ असेल. आम्ही शहागंजला त्याच म्हाताऱ्याच्या दुकानात गेलो. मिस्त्रींनी पिशवीतून व्हर्नियर काढला आणि म्हणाले, "एकोणीसची चेन हाय का? जुन्या टाइपच्या घड्याळाला पाहिजे. चामडं आपल्याला मानवत नाय."

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काका, वो तो तुम्हारे हाथ पेच है ना."

मिस्त्रींनी बाहीचं बटण उघडलं. चेन मनगटावर होती. ते तिच्याकडे किती वेळ बघत राहिले, सांगता येणार नाही. मग ते एकदम मोठ्याने हसले. "मजाक केली, राव! बघितलं, तुमच्या ध्यानात हाय का." म्हातारा हसला नाही. मी हसले. मला हसायचंच होतं, म्हणून हसले. परत येताना रिक्षात त्यांनी मला दोनदा विचारलं, "किती निघालं वो माप?" मी दोन्ही वेळा सांगितलं, एकोणीस.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून उस्मानपुऱ्यात त्यांच्या घरी गेले, ते वर्कशॉपात गेलेले असताना. त्यांच्या बायकोने, निर्मलावहिनींनी दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता कपाटाचा खण ओढला. आत चेनाच चेना होत्या. सात-आठ तरी असतील. सगळ्या एकोणीसच्या, सगळ्यांना गोल टोकं घासून बसवलेली, सगळ्यांच्या पिना भरीव पोलादाच्या. प्रत्येक वेळी ते नव्याने शोधायला निघत होते, प्रत्येक वेळी त्यांना सापडत होती, आणि प्रत्येक वेळी ते घरी येऊन तेवढ्याच आनंदाने वहिनींना सांगत होते.

"डॉक्टर म्हणले, इसरण्याचा आजार हाय," वहिनी म्हणाल्या. "सुरुवात हाय म्हणले. हळूहळू वाढंल."

"शकीलला सांगितलंत?"

त्यांनी माझा हात धरला. "बाई, पाया पडते, त्याला सांगू नका. त्यो लगेच घरी बसवंल. तिथं जात्यात म्हणून दोन घास खात्यात. रविवारी घरी ऱ्हायले की भिंतीला बघत बसत्यात. मशीन सुटलं ना, तर माणूस आठ दिवसांत जाईल माझा."

"आणि मशीनवर काही झालं तर?"

"त्यांचा हात कधी चुकला का? तुम्हीच सांगा. तुम्ही तर समद्यांच्या चुका काढता."

हा प्रश्न त्यांनी माझ्यावर टाकला आणि मी तो घेतला. नको घ्यायला होता. मी डॉक्टर नव्हते, त्यांच्या नात्यातली नव्हते. पण कुणी 'तपासून सांगा' म्हटलं की मला राहवत नाही. मी ठरवलं, मिस्त्रींची परीक्षा घ्यायची. परीक्षेत चुकले तर त्याच दिवशी शकीलला सगळं सांगायचं. नाही चुकले तर जाऊ द्यायचं.

कारखान्यातून मी पाच गोल तुकडे घेतले. दिसायला सगळे सारखे, पण तीन बरोबर मापाचे आणि दोनांत बारीक फरक. चिकलठाण्याला गेले तेव्हा मिस्त्री बाकावर बसून चहा पीत होते. शकीलकडे आलेल्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी नुकतंच अंगठी काढायला लावलं होतं आणि तो माणूस फुरंगटून बाहेर उभा होता. ते बघून मला केवढा धीर आला. मी माप सांगून तुकडे पुढे ठेवले. मिस्त्रींनी डोळे मिटले आणि एकेकावर अंगठा फिरवला. "हा बरुबर. हा पण. ह्याला दोन भाग जास्त हायत. हा बरुबर. आणि हा..." ते थांबले. "हा तुम्ही मला फसवायला आणला, गेजबाई. हा एका बाजूनं जाड, एका बाजूनं बारीक हाय."

पाचही उत्तरं बरोबर होती. तरण्या कारागिराला जमणार नाही असं उत्तर शेवटचं होतं. मला रडू आलं, ते मी खोकल्यात लपवलं. बाहेर येऊन वहिनींना फोन केला. "वहिनी, हात एकदम पक्का आहे. जाऊ द्या त्यांना. मी शकीलला काही सांगत नाही."

आयुष्यभर मी दुसऱ्यांना हेच सुनावत आले होते, की बाबा, तुकडा चोख असेल, पण तू मोजायचं ते माप सोडून भलतंच माप मोजलंस. मिस्त्रींचा हात बिघडलेला नव्हताच. त्या दिवशी तुकडे तपासताना त्यांच्या दुमडलेल्या बाहीखाली, मनगटावर चेन होती, बाकापासून चार पावलांवर लेथ चालू होता, आणि मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. चेन मला दिसली नाही असं नाही. दिसली. सुबक दिसते, एवढंच मनात आलं.

शकीलचा फोन आला तो एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास. नीट बोलता येत नव्हतं त्याला. मी पोचले तेव्हा मिस्त्रींना आत नेलं होतं आणि तो दवाखान्याच्या जिन्यावर बसला होता, शर्ट रक्ताने भरलेला. मिस्त्री फिरत्या दांड्याला डाव्या हाताने पॉलिशचा कागद लावत होते, त्याने सांगितलं. हजारदा केलेलं काम. चेन मशीनच्या जबड्यात अडकली. तो धावला, स्विच बंद केला. पण चेन तुटली नाही, पिन निसटली नाही, कुलूप उघडलं नाही. चामड्याचा पट्टा असता तर फाटला असता. बाजारातली साधी पिन असती तर पहिल्याच हिसक्याला निघाली असती आणि मनगटावर फार तर एक ओरखडा राहिला असता. शेवटी शकीलला ती चेन करवतीने कापावी लागली.

"मॅडम," शकील म्हणाला, "भाभी आत्ता मेरेकू बोली. तुमको मालूम था बोलके."

मी होकाराची मान हलवली.

"फिर मेरेकू कायकू नै बोले? मी उस्तादला मशीनपाशी उभं केलं असतं का? मेरे बाप की जगह थे वो. नुसती चेन काढायला सांगितलं असतं तरी बस होतं. मला वाटलं, उस्ताद आहेत, त्यांना कुणी काय सांगायचं."

तो उठून दुसऱ्या जिन्यावर जाऊन बसला. आजही तो माझ्याशी बोलत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

मिस्त्रींचा डावा हात मनगटाच्या वरून काढावा लागला. जीव वाचला. दवाखान्यात मी रोज जायची, काचेतून बघून परत यायची. समोर जायचं धाडस झालं ते दीड महिन्याने, ते घरी आल्यावर.

उस्मानपुऱ्यातल्या घरी ते बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. पांढरा शर्ट, डावी बाही दुमडून टाचणीने लावलेली. आत यायचा धीर होईना म्हणून मी उंबऱ्यातच थांबले. त्यांनी मला लगेच ओळखलं. "जय भीम, गेजबाई. या, बसा. टूलरूमचं काय चाललंय?" टूलरूममधून त्यांना निघून वर्ष होत आलं होतं. मी म्हटलं, बरं चाललंय.

"बरं कसं?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "अपघात झालाय म्हणं. मला समदं कळलंय. चेन घालून गेलं म्हणं कुणीतरी मशीनवर. हात गेला बिचाऱ्याचा."

शेजारी बसलेल्या वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या. मिस्त्रींनी उजव्या हाताने खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"ज्याचा हात गेला त्याला कुणी एक शब्द बोलायचा नाय," ते म्हणाले. "त्याची चूक नाय. माणूस इसरतो. ज्यानं बघितलं आणि जाऊ दिलं, त्याची चूक. मला त्याचं नाव पाहिजे. कोण व्हतं दारात?"

मी सांगितलं. "मी होते, मिस्त्री. मी बघितलं होतं. मी जाऊ दिलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. क्षणभर मला वाटलं, त्यांना सगळं समजलं. आता ते त्या दुमडलेल्या बाहीकडे बघतील. मी वाटच बघत होते. मला शिव्या हव्या होत्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं, माझ्या डोळ्यांत ठेच्याने पाणी आलं की यायचं तसलं.

"तुम्ही?" ते म्हणाले. "छ्या! तुम्ही सव्वीस वर्षांत माझा एक चुकीचा तुकडा सोडला नाय. कुणाला वाचवताय? भिऊ नका. नाव सांगा."

"खरंच मी, मिस्त्री."

वहिनी चहा घेऊन आल्या. मिस्त्रींनी कप घेतला नाही. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, मी तिसऱ्यांदा माझंच नाव सांगितलं. मग त्यांनी माझा नाद सोडला आणि वहिनींकडे वळून हळूच, पण मला ऐकू येईल असं म्हणाले, "सांगत नाय ती. कुणाला तरी पाठीशी घालतीय. मनानं लई चांगली हाय."